लेझरच्या कड्यात पृथ्वीचा सूर: साताऱ्यात काळी एक लागते

धागाकर्ता: स्लिपगेज (सातारा)

गेल्या महिन्यात बहिणीचा तानपुरा जवारीसाठी (घोडी घासून तारेचा झंकार नीट करायला) मिरजेला नेला होता. काम झाल्यावर कारागीर काकांनी जोडीच्या दोन तारा छेडल्या. एक तार किंचित उतरलेली होती. आवाजात वांव... वांव... अशी लाट येत होती. काकांनी मणी केसभर सरकवला, लाट लांबली. अजून केसभर सरकवला, ती जवळजवळ थांबली. पुस्तकात याला विस्पंद म्हणतात. दोन सुरांत जेवढा फरक, तेवढे ठोके दर सेकंदाला. काका तार मोजत नव्हते, फरक मोजत होते.

परतीच्या कोयना एक्स्प्रेसमध्ये कराड सोडल्यावर डोक्यात आलं की पृथ्वीचं फिरणंसुद्धा लोक असंच मोजतात. तारांच्या जागी प्रकाश. त्यावर वाचलेलं बरंच होतं, पण आपल्या गावाचा आकडा कधी काढला नव्हता. तो दुकानाच्या बिलामागे काढला. म्हणून हा धागा.

आधी प्रकरण काय ते सांगतो. चार कोपऱ्यांत चार आरसे ठेवून एक चौकोनी कडं करायचं. आत हेलियम-निऑन वायू, म्हणजे तोच जुना लाल लेझर, तरंगलांबी ६३२.८ नॅनोमीटर. या कड्यात दोन किरण पळतात, एक घड्याळाच्या दिशेने, दुसरा उलटा. कडं स्थिर असेल तर दोघांची वाट सारखी. कडं फिरत असेल तर फिरण्याच्या दिशेने जाणाऱ्याला आरसा किंचित पुढे सरकलेला सापडतो, उलट येणाऱ्याला किंचित अलीकडे. वाट बदलली की लेझरचा सूरही बदलतो, कारण कड्यात पूर्ण लाटाच बसल्या पाहिजेत. दोन्ही किरण बाहेर काढून एकमेकांवर टाकले की ठोके ऐकू येतात. ठोके मोजा, फिरण्याचा वेग हातात.

हा परिणाम जॉर्ज सान्याक या फ्रेंच माणसाने १९१३ मध्ये फिरत्या टेबलावर दाखवला. गंमत म्हणजे त्याला वाटलं आपण ईथर, म्हणजे प्रकाश वाहून नेणारं कल्पित माध्यम, सिद्ध केला! १९२५ मध्ये मायकेलसन आणि गेल यांनी अमेरिकेत इलिनॉयमध्ये साधारण ६१२ बाय ३३९ मीटरचा नळांचा आयत जमिनीवर अंथरला, आतली हवा काढली आणि पृथ्वीचं फिरणं प्रकाशाने पकडलं. दोन किरण एकमेकांवर पडून होणाऱ्या उजळ-काळ्या पट्ट्या सरकल्या किती, तर एका पट्टीच्या पाव भागाहूनही कमी. एवढा खटाटोप करून मायकेलसनचं म्हणणं असं की यातून एवढंच कळतं, पृथ्वी स्वतःभोवती फिरते. (आमच्या कंपनीत असा अहवाल दिला तर साहेब पुढचं बजेट देणार नाहीत.)

तेव्हा लेझर नव्हता. आता जर्मनीत बव्हेरियातल्या वेट्झेल वेधशाळेत ४ मीटर बाजूचं कडं आहे, नाव नुसतं 'जी'. आडवं ठेवलेलं. तिथे पृथ्वी ३४८.५ हर्ट्झवर वाजते. पेटीवर बघा, पांढरी चारच्या अगदी शेजारी.

तेच कडं उचलून साताऱ्यात आडवं ठेवलं तर? सूर अक्षांशाच्या साइनवर ठरतो. ध्रुवावर हे कडं ४६१ हर्ट्झ देईल, विषुववृत्तावर शून्य. साताऱ्याचा अक्षांश १७.७ अंश, म्हणून १४० हर्ट्झ. काळी एक, किंचित चढी. सांगलीत १३३.६, पांढरी एक आणि काळी एक यांच्या मधेच कुठेतरी. सांगलीकरांनी राग मानू नये, भूगोलच बेसूर आहे तिथला.

आता आइनस्टाईन. व्यापक सापेक्षता सांगते की मोठं वस्तुमान आजूबाजूचा अवकाश-काळ वाकवतं, आणि ते फिरत असेल तर त्याला थोडं सोबत फरफटवतंही. वाकण्यामुळे होणारा भाग दे सिटरने १९१६ मध्ये काढला, फरफटीचा भाग लेन्स आणि थिरिंग यांनी १९१८ मध्ये. म्हणजे माझ्या टेबलावरचं कडं जे फिरणं सांगेल ते दूरच्या ताऱ्यांकडे बघून काढलेल्या फिरण्याशी तंतोतंत जुळणार नाही. फरक पडेल साधारण अब्जाव्या भागाचा. तिकडे क्वेसारांवर (अतिदूरच्या तेजस्वी ठिपक्यांवर) नेम धरलेल्या रेडिओ दुर्बिणी, इकडे तळघरातलं कडं, आणि दोघांची वजाबाकी म्हणजे आइनस्टाईन.

१४० चा अब्जावा भाग काढा. ८३ दिवसांत एक ठोका! काका मणी सरकवून एका सेकंदाची लाट ऐकत होते, इथे पावणेतीन महिन्यांत एक लाट.

मी एमआयडीसीत मापन विभागात आहे, म्हणून मला सिद्धांतापेक्षा आकड्याचीच धडकी भरते. आमची खोली २० अंशांवर ठेवलेली असते. नवीन पोरगा स्लिपगेज (लांबी तपासायचा प्रमाण ठोकळा) हातात धरून गप्पा मारत बसला की आम्ही ओरडतो, कारण हाताच्या उबेने गेज वाढतो. स्टील दर मीटरला दर अंशाला साडेअकरा मायक्रॉन वाढतं. ४ मीटरची बाजू अब्जाव्या भागापर्यंत स्थिर म्हणजे ४ नॅनोमीटर. स्टीलचं कडं केलं तर तापमान एका अंशाच्या दहा हजाराव्या भागात धरावं लागेल. म्हणून वेट्झेलवाल्यांनी झेरोडूर नावाच्या काचेसारख्या पदार्थाचा अख्खा ठोकळा घेतला, तो तापमानाने जवळपास वाढतच नाही.

इटलीत ग्रान सास्सो डोंगराखाली, १४०० मीटर खडकाच्या आत, जिंजर नावाचा प्रकल्प याच कामासाठी आखला आहे. त्याचं धाकटं भावंड जिंजरीनो तिथे चाललेलंही आहे, ३.६ मीटर बाजू, २८० हर्ट्झ.

प्रश्न असा: साताऱ्यात हे जमेल का? माझ्या मते सूर खाली असल्याने थोडं अवघड, बाकी काही फरक नाही. जाणकारांनी सांगावं.

*

मिरजेची_तार

विषय: सूर का ठोके?

मस्त लिहिलंय दादा. फक्त सेकंदाला १४० ठोके म्हटलं की तो ठोका राहत नाही, सूर होतो. कानाला पंधरा-वीसच्या पुढे वेगळे ठोके कळत नाहीत.

आणि अजून एक. आमच्यात जोडीच्या तारा फार जवळ आणल्या की कधी कधी एकमेकींना ओढून घेतात, एकाच घोडीवर बसल्यात ना. मग लाटच ऐकू येत नाही आणि नवशिक्याला वाटतं जुळलं. तुमच्या प्रकाशात असं होतं का?

*

स्लिपगेज

विषय: उत्तर

अगदी हेच होतं! आरशावर थोडा प्रकाश उलटा विखुरतो, एका किरणाचा अंश दुसऱ्याच्या वाटेला लागतो आणि वेग कमी असला की दोन्ही किरण एका सुरावर अडकतात. विमानातली लेझर गायरो, म्हणजे वळणं मोजणारी छोटी कडी, वीतभर असतात, त्यांना हा रोग हमखास. म्हणून ती सतत बारीक हलवत ठेवतात. मोठ्या कड्याला पृथ्वीच पुरेसं फिरवते, म्हणून अडकत नाही. पण ओढ राहतेच, आणि नवव्या दशांश स्थळी तीही मोजून वजा करावी लागते.

*

कृष्णाकाठ

विषय: याचा उपयोग काय ओ?

माझ्या सोयाबीनला काय फायदा, एवढंच विचारतो. चिडू नका.

*

वाईची_बाई

विषय: @कृष्णाकाठ

काका, तुमच्या मोबाईलवरचा नकाशा उपग्रहांवर चालतो ना, त्यांना पृथ्वी या क्षणी नेमकी किती फिरली आहे हे माहीत असावं लागतं. दिवसाची लांबी मिलिसेकंदाने कमीजास्त होत असते, वारे, समुद्र, पोटातला द्रव, सगळ्यांमुळे. हे मोजायला वेगवेगळ्या खंडांवरच्या दुर्बिणी एकत्र लावाव्या लागतात आणि हिशोब यायला वेळ लागतो. कडं एका तळघरात बसून चोवीस तास सांगू शकतं. ध्रुव हलतो तो चँडलर डोलसुद्धा वेट्झेलच्या कड्यात दिसला आहे.

सोयाबीनचं माहीत नाही.

*

उगाच_एक

विषय: हे आपल्याला आधीच माहीत होतं

पृथ्वी फिरते हे आर्यभटांनी दीड हजार वर्षांपूर्वी सांगितलं. आता इटलीवाले सांगणार आणि आपण टाळ्या वाजवणार.

*

स्लिपगेज

विषय: @उगाच_एक

आर्यभटांना नमस्कारच. पण फिरते का, हा प्रश्न इथे नाहीच. नवव्या आकड्यात काय आहे, हा आहे.

*

ध्रुवदर्शी (सांगली)

विषय: आडवं कडं ही चूक आहे

धागा उशिरा पाहिला. ३१ वर्षं अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवलं, तेव्हा लाल पेन हातात घेतो. स्लिपगेजराव, शेवटचं वाक्य चुकलं. "बाकी काही फरक नाही" असं नाही, फार मोठा फरक आहे.

सूर साइनवर ठरतो हे बरोबर. मग कडं उत्तर-दक्षिण दिशेने जरासं कललं तर सूर किती बदलेल? तो अक्षांशाच्या कोटँजंटच्या पटीत बदलतो. वेट्झेलला ती पट ०.८७ आहे. साताऱ्याला ३.१. एका नॅनोरेडियनचा कल, म्हणजे एक किलोमीटर लांब पट्टीचं एक टोक एका मायक्रॉनने उचलणं, एवढ्याने तुमच्या सुरात अब्जात तीनची चूक शिरते. आइनस्टाईनचा सगळा वाटाच अब्जात एकच्या घरात. आणि सांगलीची पट साताऱ्यापेक्षाही वाईट, ३.३, हे मी स्वतःच सांगून टाकतो म्हणजे तुम्हाला संधी नको.

उपाय सोपा आहे. कडं आडवं ठेवू नका, भिंतीला उभं करा. पूर्व-पश्चिम भिंत निवडा, म्हणजे कड्याचा अक्ष उत्तरेकडे जाईल. मग कोसाइन लागतो आणि साताऱ्यात सूर ४३९ हर्ट्झ. पाश्चात्त्य वाद्यवृंद ४४० ला सूर लावतात, त्याला चिकटून! कलाची पट ०.३२ वर येते, म्हणजे आडव्यापेक्षा जवळजवळ दहापट सुटका. त्याहून पुढे जायचं तर कड्याचा अक्ष ध्रुवताऱ्याच्या दिशेने, नेमका पृथ्वीच्या अक्षाला समांतर करा. सूर महत्तम, ४६१, आणि महत्तम बिंदूवर थोडं कललं तरी फरक पडत नाही. डोंगरमाथ्यावर चार पावलं टाकली तरी उंची बदलत नाही तसं. इटलीवाल्यांची एका कड्यासाठी हीच योजना आहे.

दुसरी चूक जास्त महत्त्वाची. दे सिटरचा भाग साताऱ्याच्या जमिनीला समांतर, दक्षिणोत्तर दिशेने असतो. आडव्या कड्याला तो दिसतच नाही! त्याच्या वाट्याला फक्त फरफट येते, तीही अब्जात साधारण अर्धी. तुमचे ८३ दिवस विसरा, सहा महिन्यांत एक ठोका. उभ्या कड्यात दोन्ही भाग येतात आणि सूरही तिप्पट, म्हणून दोन-तीन आठवड्यांत एक ठोका.

आणि आता साताऱ्याच्या बाजूने एक मुद्दा, कारण मी पक्षपाती नाही. दे सिटरचा भाग अक्षांशाच्या कोसाइनवर वाढतो. ग्रान सास्सोला ०.७४, आपल्याकडे ०.९५. विषुववृत्ताजवळ असण्याचा इथे फायदाच आहे.

*

स्लिपगेज

विषय: लाल पेन मान्य

सर, लाज वाटली आणि आनंदही झाला. आम्ही ग्रॅनाइटची सरफेस प्लेट आडवी ठेवण्यात इतके मुरलो की मोजायची वस्तू आडवीच असते असं धरून चाललो.

*

शेंदूरजनेय

विषय: हिंगोलीचं काय?

लायगो आपल्याकडे हिंगोलीत येतंय ना, औंढा नागनाथला? मग ते हेच मोजणार का?

*

वाईची_बाई

विषय: @शेंदूरजनेय

नाही. तिथे ४ किलोमीटरच्या दोन भुजा काटकोनात, आणि बाहेरून येणाऱ्या गुरुत्वीय लहरींनी त्यांची लांबी बदलते का ते बघायचं. फिरण्याशी संबंध नाही, उलट प्रकाशाची वाट परत त्याच भुजेत येते. नात्यातले आहेत, पण चुलत.

*

कोयनेचा_गोटा (पाटण)

विषय: धरण भरलं की आइनस्टाईन बुडाला

सर्वांना नमस्कार. मी भूकंपाच्या बाजूने येतो. आमच्या घरात ११ डिसेंबर १९६७ ची पहाट अजून सांगितली जाते. आजी म्हणायची, घर हललं नाही, घर वळलं. लोक हसायचे. भूकंपमापक बहुतेक फक्त वर-खाली, पुढे-मागे मोजतात, वळणं वेगळं मोजत नाहीत. लेझरचं कडं मात्र फक्त वळणंच मोजतं, सरकण्याला ते आंधळं. म्युनिकजवळ १२ मीटर बाजूंची चार त्रिकोणी कडी चतुष्फलकासारखी जमिनीत गाडली आहेत, रोमी म्हणतात त्याला, तिन्ही दिशांचं वळणं कळतं. आमच्याकडे कराडजवळ हजारमाचीला भूगर्भ प्रयोगशाळा आहे, गोठण्याला ३ किलोमीटर खोल भोक पाडलं, त्याच्या शेजारी एखादं कडं असतं तर आजीचं म्हणणं तपासता आलं असतं.

पण तुमच्या आइनस्टाईनसाठी जागा वाईट आहे. कोयना धरणाचा शिवसागर भरला की १०५ टीएमसी पाणी, म्हणजे ३ अब्ज टन. हे वजन दर पावसाळ्यात येतं, उन्हाळ्यापर्यंत उतरतं. तीस-चाळीस किलोमीटरवरच्या साताऱ्यात जमीन किती कलेल याची ढोबळ आकडेमोड केली: पन्नास ते शंभर नॅनोरेडियन. सरांच्या ३.१ ने गुणा. आइनस्टाईनच्या वाट्याच्या दीडशे-तीनशे पट! वर पाण्याचं स्वतःचं गुरुत्वाकर्षण ओळंबाही थोडा ओढणार, म्हणजे कल मोजायला ठेवलेलं यंत्रच फसणार.

चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांची थरथर वेगळी.

*

ध्रुवदर्शी

विषय: धरण पश्चिमेला आहे

फार सुंदर प्रतिसाद. अशी आकडेमोड वर्गात कोणी केली असती तर मी पेढे वाटले असते. पण दिशा बघा. शिवसागर साताऱ्याच्या पश्चिमेला, थोडा दक्षिणेकडे पसरलेला. त्यामुळे जमीन मुख्यतः पश्चिमेला कलणार. पृथ्वीच्या फिरण्याला पूर्व-पश्चिम घटक नसतोच, म्हणून त्या दिशेचा कल पहिल्या घातात मोजला जात नाही, फक्त वर्गात. शंभर नॅनोरेडियनचा वर्ग म्हणजे काहीच नाही.

उरतो दक्षिणेकडचा घटक. समजा एकूण कलाच्या तिसरा हिस्सा. आडव्या कड्यात तरी तो आइनस्टाईनच्या शंभरपट. ध्रुवाकडे रोखलेल्या कड्यात तो जवळपास नाहीसा.

म्हणजे धरण गुन्हेगार आहे, पण त्याने आडव्या कड्याचाच खून केला आहे.

*

कोयनेचा_गोटा

विषय: मान्य

दिशा बघितलीच नाही. पाटणला राहून धरण सगळीकडे आहे असंच वाटतं सर.

*

थंड_डोक्याचा

विषय: हे तर झालंय ना?

उपग्रहांनी हे आधीच मोजलं आहे. ग्रॅव्हिटी प्रोब बी हा उपग्रह आत फिरते गोलक घेऊन २००४ ला गेला, २०११ ला निकाल आला. दे सिटरचा भाग अगदी चोख, फरफट वर्षाला ३९.२ मिलि-आर्कसेकंद (कोनाचं अतिसूक्ष्म माप) अपेक्षित, मिळाली ३७.२, चूक ७.२ ची. लाजिओस उपग्रहांच्या कक्षांवरूनही फरफट काढली आहे. मग डोंगराखाली कडी ठेवून काय वेगळं?

*

ध्रुवदर्शी

विषय: @थंड_डोक्याचा

रास्त प्रश्न. ७.२ म्हणजे जवळपास पाचवा हिस्सा चूक, एवढ्यावर समाधान मानायचं का हा एक भाग. दुसरा असा की उपग्रह पृथ्वीला हजारो फेऱ्या मारून सरासरी काढतो. लाजिओसमध्ये पृथ्वीचा गोळा कुठे फुगला, कुठे चपटा, हे सगळं आधी वजा करावं लागतं आणि ते फरफटीपेक्षा कितीतरी मोठं असतं. कडं एका जागी बसतं. त्याच खडकावर, त्याच अक्षांशावर वर्षानुवर्षं. कोणाला शंका आली तर उद्या जाऊन पुन्हा मोजता येतं. आकाशात गेलेला गोलक परत आणून तपासता येत नाही.

पण मी बढाया मारणार नाही. आजवर कुठल्याही कड्याने पृथ्वीवरून ही फरफट पकडलेली नाही. वेट्झेलची नजर अब्जाव्या भागापर्यंत जाते, पण महिनोन्महिने तीच खूण न हलता धरायची आणि कोणत्या दिशेला तोंड आहे हे नॅनोरेडियनमध्ये सांगायचं, तिथे घोडं अडलंय. सिद्धांत शंभर वर्षांपूर्वी तयार होता. राहिलंय ते स्लिपगेजरावांच्या खात्याचं काम.

*

रात्रपाळी

विषय: फोनने करून बघितलं

धागा वाचून फोनमधला गायरो देवघरासमोरच्या फरशीवर रात्रभर ठेवला, नोंद चालू करून. सकाळी आलेख सरळ वर चढत गेलेला. पृथ्वी सापडली म्हणून बायकोला उठवलं. मग फोन उलटा ठेवून बघितलं तर तसाच वर. आईने पहाटे पंखा बंद केला तिथे रेष वाकली होती. म्हणजे मी खोलीचं तापमान मोजलं.

*

स्लिपगेज

विषय: @रात्रपाळी

उलटा ठेवून बघितलंत यातच सगळं आलं. पृथ्वी तासाला १५ अंश, फोनचा गायरो तेवढं स्वतःच्या गोंगाटात हरवतो. आमच्याकडेही पहिला नियम तोच: भाग उलटा लावून परत मोज.

*

मिरजेची_तार

विषय: काकांना वाचून दाखवलं

ज्या काकांकडे तुमचा तानपुरा आला होता त्यांना हा धागा वाचून दाखवला. सहा महिन्यांत एक ठोका ऐकून म्हणाले, "तोवर तार बदलावी लागंल की." मग थोडं थांबून विचारलं, खोली किती अंशावर ठेवतात. मी म्हटलं, तेच तर भांडण चाललंय.

*

स्लिपगेज

विषय: लंबक

काकांना नमस्कार सांगा. कडं काही आपल्या आवाक्यातलं नाही, पण आमच्या ओळखीच्या एका शाळेच्या जिन्यात तीन मजले मोकळे आहेत. फूकोचा लंबक टांगायचा विचार आहे, १८५१ ला पॅरिसमध्ये केला तसा. पृथ्वी फिरते म्हणून त्याची झुलण्याची दिशा हळूहळू वळते. साताऱ्यात त्याचं झुलण्याचं प्रतल पूर्ण फिरायला ७९ तास लागतात. कोण येतंय?

*

वाईची_बाई

विषय: येते

७९ तास कोण जागणार? तासाला साडेचार अंश होतात, दोन तासांत डोळ्यांनी दिसेल. गोळा कसला घेताय?

*

स्लिपगेज

विषय: गोळा

लेथवर वळवून घेतलाय, साडेनऊ किलो. तार कुठली वापरावी यावर अडलोय. पिळाची नको.

*

मिरजेची_तार

विषय: तार मी आणतो

पोलादी, एकेरी, पीळ नसलेली. रविवारी सकाळच्या गाडीने येतो, स्टेशनवर कोणीतरी असा.